चाव्याचं बाळंतपण

माझी बाळंतपणं दोन झाली, एक मुलीचं आणि एक कुत्र्याचं, असं माझी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ऐकणारा गोंधळून बघत राहायचा. मग आई माझ्या साडीचा काठ वर करून त्याला माझी पोटरी दाखवायची आणि मी लाजेनं भिंतीकडे तोंड करायचे.

आई आता नाही. घराला कुलूप आहे. रोह्याहून पेणला जाताना वडखळच्या अलीकडे मी अजून खाडीच्या बाजूला बघते. तिथून आमचं गाव काही दिसत नाही, झाडीच दिसते. तरी मान वळतेच. त्या पावसाळ्यातले दिवस आठवतात. अंगाला झालं ते वैऱ्यालासुद्धा होऊ नये, पण ते दिवस मात्र मला पुन्हा मिळाले तर हवे आहेत. हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून इथं लिहिते.

आम्ही रोह्याजवळ वरसे इथं राहतो. यजमान कंपनीत शिफ्टला जातात. मुलगी तेव्हा कॉलेजात जाऊ लागली होती. पावसाळ्यात मासळी मिळत नाही, म्हणून आमच्याकडे बायका पावसाच्या आधी सुकट, बोंबील, वाकट्या भरून ठेवतात. त्याला आगोट म्हणतात. मी रोह्याच्या बाजारातून आगोट घेऊन आले आणि गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरले. तिथं एक बिल्डिंग अर्धवट बांधून तशीच पडली होती. तिच्या सावलीला कुत्री असायची. मी रोज त्यांच्या समोरून जायचे, कधी काही झालं नव्हतं.

त्या दुपारी गल्लीत कुणी नव्हतं. एक मोठा पिवळट कुत्रा उठला आणि वास घेत माझ्या मागून यायला लागला. मी "हाड" म्हटलं, पण ते मलाच ऐकू आलं असेल. मोठ्यानं बोलायची मला सवयच नाही. त्यानं पिशवीला तोंड घातलं. तेव्हाच पिशवी टाकली असती तर तो ती घेऊन गेला असता आणि मी घरी गेले असते. पण पावसाळाभराचं कालवण त्या पिशवीत होतं. मी ती लेकरासारखी छातीशी धरली आणि त्याच्याकडे पाठ केली. त्यानं पिशवी सोडली आणि माझी पोटरी धरली. मी पडले. मग बाकीची आली. समोरच्या बाईनं वरून पाण्याची बादली ओतली, माणसं काठ्या घेऊन धावली, तेव्हा ती पळाली. मला उचललं तरी पिशवी माझ्या हातात होती, असं लोक सांगतात.

रोह्याहून मला अलिबागला नेलं. पोटरीचा लचका गेला होता, दंडाला दात लागले होते. इंजेक्शनं झाली, मांडीची कातडी काढून पोटरीला लावली. वॉर्डातल्या बायका विचारायच्या, "पिशवीत सोनं होतं का गो?" यजमान सांगायचे, "सुकट होती." मग सगळा वॉर्ड हसायचा आणि मीही हसायचे, कारण हसलं नाही तर रडू यायचं. ती सुकट आमच्या घरात कुणी खाल्ली नाही. मुलीनं शेजारी वाटून टाकली.

आई अलिबागला आली ती नेसत्या लुगड्यानिशी. माझ्या पायाकडे तिनं एकदा बघितलं. यजमानांना म्हणाली, "हिला मी नेते."

यजमान म्हणाले, "आई, तिकडं खाडीवर दवाखाना कुठाय?"

"दवाखाना पेनला हाय. आनि घरी मी हाय."

मला सोडलं त्या दिवशी गाडी वरशाकडे न जाता माहेरी गेली.

लग्न झाल्यापासून मी माहेरी राहिले ती मुलीच्या वेळेला. त्यानंतर सणाला जायचं, दोन दिवस राहायचं, निघायचं. या वेळी मात्र पाय बरा होईपर्यंत. आईला दुखणाईत माणसाची सेवा एकाच तऱ्हेची ठाऊक होती, बाळंतिणीची. तिनं माझी खाट मधल्या घरात कोपऱ्याला लावली आणि पडदा सोडला. सकाळी आळीव घातलेली खीर. दुपारी मऊ भात, वर तुपाची धार. मेथीचे लाडू. कोलंबी, चिंबोरी बंद, कारण त्यानं जखम चिघळते म्हणे. पाणी गरमच प्यायचं. न्हाऊन झालं की खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि वर ओव्याची धुरी.

मी म्हटलं, "आई, मी काय बाळंतीण हाय का?"

"रक्त गेलंय ना? मग बाळंतीनच."

आभाळ गडगडलं की ती हातातलं काम टाकून धावत यायची, माझ्या कानांत कापूस घालायची आणि वरून फडकं आवळून बांधायची. कुत्र्याचं विष गडगडाटानं चढतं, असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. इंजेक्शनं झालीत, काही होत नाही, असं पेणच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं. तिनं मान डोलावली. घरी आल्यावर म्हणाली, "इंजेक्शन हाय ते हाय. कापसानं काय वाईट होतंय?" त्या वर्षी गडगडाट पुष्कळ झाला. मी बहुतेक पावसाळा कान बांधून काढला.

शेजारची काकी रोज डोकवायची. ती आईच्या वयाची, जिभेनं तिखट. पहिल्याच दिवशी दारातून ओरडली, "काय गो, काय जालं? मुलगा का मुलगी?"

आई आतून म्हणाली, "पिल्लू जालंय. शेपटी हाय."

"बापावर गेलंय का?"

"नाय. आईवर. पिशवी सोडत नाय."

दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. वॉर्डात कुणी त्या गोष्टीवर हसलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. इथं तसं झालं नाही.

दिवसाआड पेणला ड्रेसिंगला जायचं असायचं. मिनीडोर रिक्षामध्ये आई मला कडेला बसवायची आणि स्वतःचा गुडघा माझ्या पायापुढे आडवा धरायची, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. पट्टी सोडताना मी तिचा हात धरायचे. परत येताना ती पेणच्या बाजारातून पोह्याचे पापड घ्यायची आणि घरी आल्या आल्या निखाऱ्यावर भाजून द्यायची. जखम भरत आली तशी टाच जमिनीला टेकेना. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. आईनं जाळ्याची जुनी दोरी घेतली आणि ओटीच्या खांबाखांबांना बांधली. ती धरून मी इकडून तिकडे चालायचे. आई तांदूळ निवडत बसायची आणि बघायची. "टाच! टाच टेक. मडमेसारखी चालतेस ती."

पाय हळूहळू ऐकायला लागला. मन ऐकत नव्हतं. परसात काही खुडबुडलं की मी पाय खाटेवर ओढून घ्यायचे. सगळ्यांत वाईट म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज. दुकानातून आणलेली पिशवी कुणी चुरगाळली तरी मला दरदरून घाम यायचा. आईच्या ते लक्षात आलं. त्यानंतर ती सगळं पदरात किंवा टोपलीत आणायला लागली.

दुपारी आई माझे केस विंचरायची आणि आम्ही जुनं बोलायचो. माझे बाबा मिठागरावर काम करायचे. आमच्या गावापुढे बांध, आणि बांधापलीकडे तेव्हा मिठागरच मिठागर होतं. उन्हाळ्यात मिठाचे ढीग इतके पांढरे दिसायचे की डोळे मिटावे लागायचे. मी आईबरोबर बाबांची भाकरी घेऊन जायचे. बाबांचे पाय मिठानं फाटलेले असायचे, घरी आले की आई गरम पाण्यानं धुऊन त्यांना खोबरेल लावायची. आता बांध फुटून पाणी आत आलंय, मिठागराच्या जागी तिवरं उगवलीत. आई म्हणायची, "तुज्या बाबाच्या पायाला जेवढं तेल लावलं तेवढं लावलं. आता तुज्या पायाला." आणि खरंच लावायची. तिच्या हाताला तेव्हाही खाडीचा वास यायचा.

माहेरी एक कुत्रा होता. तो मिठागरावरच्या झोपडीत वाढलेला, बाबांचा. बाबा गेल्यावर तो आपण होऊन चालत आमच्या घरी आला आणि पायरीखाली बसला. त्याला नाव नव्हतं. आई त्याला "अरे" म्हणायची. भाऊ पनवेलला असतो, आई एकटी असायची, तर तिला सोबत त्याचीच. पावसात भरतीचं पाणी गावात शिरलं की जनावरं घरात येतात, सापसुद्धा. तो आधी भुंकायचा. आई चिंबोऱ्या धरायला खाडीत उतरली की तो बांधावर तिच्या चपला राखत बसायचा.

मी आले तेव्हा तो नव्हता. मी विचारलं तर आई म्हणाली, "गेला तो." मी समजले मेला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. पुढे काही विचारलं नाही.

पण एक गोष्ट मी बघत होते. आई भाकऱ्या करायची तेव्हा शेवटी उरलेल्या पिठाची एक लहान, जाडसर भाकरी थापायची. ती पूर्वीपासून कुत्र्याची. आता कुत्रा नाही, तरी ती भाकरी होतीच. मला वाटलं, सवय. संध्याकाळी आई ताटलीवर फडकं टाकून बांधाच्या बाजूला जायची. "काकाला कालवन देते," म्हणायची. काका म्हणजे बाबांबरोबर मिठागरावर काम केलेले, बांधाच्या टोकाला राहणारे. तेही एकटे, म्हणून मला नवल वाटलं नाही.

एकदा आई पेणला बाजाराला गेली होती. काकी माझ्याजवळ येऊन बसली. बोलता बोलता म्हणाली, "आई असावी तर अशी. तुज्यासाठी आईनं कुत्रा हाकलला बघ. रोज तिथं जाऊन भाकर घालते नि रडून येते."

मी म्हटलं, "तो मेला ना?"

काकीनं जीभ चावली. "मेला म्हनाली? अगो, काकाकडं बांधलाय. तुजी गाडी यायच्या आदल्या दिवशी नेऊन बांधला. दोरी तोडून रातचा दोनदा परत आला, तुजे कान बांधलेले, कळलं नाय तुला. दोनदा परत नेला. मी बोलले ते सांगू नको हां."

आई आल्यावर मी सांगून टाकलं. मला लपवता येत नाही. आई टोपलीतले पोहे डब्यात भरत होती, तिनं वर पाहिलं नाही.

मी म्हटलं, "मी गेल्यावर आणशील ना त्याला घरी?"

"नाय."

"का?"

"आनला तर तू सनाला येशील का? दारात कुत्रा हाय म्हनून वडखळवरनंच परत जाशील. मी वळखत नाय तुला?"

"आणि तू एकटी राहशील? भरती आली तर?"

"भरती काय नवीन हाय? कुत्रा आज हाय उद्या नाय. तुजं माहेर तुटलं तर मी कोनाकडं बघू?"

ती म्हणाली ते खरं होतं. दारात कुत्रा बसलेला असता तर मी आले नसते. कारणं सांगितली असती, मुलीची परीक्षा, यजमानांची शिफ्ट. आणि कुत्रा नसता तर पावसाळ्यात त्या घरात आई एकटी, आणि मी वरशाला आभाळाकडे बघत. मी त्या दिवशी जेवले नाही. आईनं विचारलं, "पाय दुखतो का?" मी हो म्हटलं.

माझी परत जायची वेळ जवळ आली होती. गणपतीला घरी पोहोचायला हवं होतं, आमच्या घरी गणपती असतो. एका दुपारी पाऊस थांबला होता. आई काकीकडे करंज्या लाटायला गेली होती. मी काठी घेतली आणि बाहेर पडले. कुणाला विचारलं असतं तर गेले नसते. बांधावर चिखल होता. टाच टेकत, काठी रोवत मी निघाले. लहानपणी ह्याच बांधावरून मी भाकरीचं फडकं घेऊन पळायचे, एवढं लांब कधी वाटलं नव्हतं.

काकांची झोपडी दिसली आणि तो दिसला. त्यालाही मी दिसले. तो उभा राहिला आणि भुंकायला लागला. मी तिथंच खाली बसले, चिखलात. काठी सुटली. मी दोन्ही हातांनी कान झाकले. काका धावत आले. "अगो, तू? एकटी? पाय हाय का काय हाय!" मग त्याच्याकडे बघून म्हणाले, "वळखतोय तो तुला. शेपूट बघ की."

मी शेपूट बघितलं नाही. माझं लक्ष दातांकडेच होतं. मला वाटलं होतं, जवळ जाईन, एकदा तरी हात लावीन, आणि भीती जाईल. तसलं काही झालं नाही. मला लघवीसुद्धा आवरली नाही. काकांना ते कळलं असेल, पण ते खाडीकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, "काका, सोडू नका त्याला. पण घरी आणा. मी पुढे चालते, तुम्ही त्याला धरून मागून या."

"भिशील गो."

"भीती तर आहेच. घट्ट धरा."

ते म्हणाले, "तू पुढं कशाला? मी त्याला घेऊन पुढं होतो, तू ये मागनं."

मी नको म्हटलं. तो पुढे असता तर मी मागच्या मागे राहिले असते आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसले असते. मागे असला म्हणजे मला चालावंच लागणार होतं. काकांनी दोरी हाताला गुंडाळली. मी उठले आणि त्याच्याकडे पाठ केली.

ती वाट मी कशी चालले मला ठाऊक नाही. मागे त्याचं धापणं ऐकू येत होतं. पोटरीला लावलेल्या कातडीला काही कळत नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण तिथं मला सारखं गरम लागत होतं. काका मागून बोलत होते. "धरलाय हां. चल. धरलाय. उगाच बघू नको. त्याला तुजं काय पडलेलं नाय, घर दिसतंय त्याला." मी काठी रोवत होते आणि रडत होते. एक गोष्ट मात्र खरी, त्या दिवशी माझी टाच प्रत्येक पावलाला टेकली.

आई काकीच्या ओटीवरून आम्हाला बघून लाटणं हातात घेऊनच धावत आली. आधी काकांवर ओरडली, "तुम्हाला अक्कल हाय का? पोरीला मारायला आनली का परत?" मग माझ्यावर, "ती काठी आन इकडं, पायच मोडते तुजा, म्हंजे बसशील घरात!" मग कुत्र्यावर ओरडायला वळली. तो मागच्या पायांवर उभा राहून तिच्या लुगड्याला लोंबत होता. पिठाचे हात त्याच्या डोक्यावर ठेवून ती नुसती "अरे, अरे" म्हणत राहिली.

मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि साडी बदलली. दाराच्या फटीतून सगळं बघितलं.

त्याला परसातल्या शेवग्याला बांधलं. मी पुढच्या ओटीवर, तो मागे, असं ठरलं. उरलेले दिवस तसेच काढले. मी एकदाही परसात गेले नाही. भीती अजून आहे. वरशाला मी त्या गल्लीनं जात नाही, लांबून जाते. कुत्रा दिसला की मुलीचा दंड धरते, ती म्हणते, "आई, नखं." पण त्यानंतर एकही सण मी चुकवला नाही. वडखळला उतरले की आईला फोन करायचे, ती त्याला मागे नेऊन बांधायची आणि मगच रस्त्यावर यायची. आई होती तोवर हे असंच चाललं. तो तिच्या आधी गेला, म्हातारा होऊन.

त्या वर्षी मी निघाले तेव्हा यजमान घ्यायला आले होते. आईनं लाडवांचा डबा, पापड, तांदळाचं पीठ, सगळं टोपलीत भरलं. मिनीडोरला वेळ होता. आधी मी कधीही निघाले की गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आई रस्त्यात उभी राहायची, मला मागे बघून बघून मान दुखायची. त्या दिवशी आम्ही नाक्यावर उभे होतो आणि घराकडून त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. एकटा बांधलेला, गळा काढून ओरडत होता. आई माझ्याशी बोलत होती, औषध घे, टाच टेक, गार पाणी पिऊ नको. मध्येच घराकडे वळून बघत होती.

मी म्हटलं, "जा गो. दोरी तोडील तो."

"गाडी येऊ दे तुजी."

"येईल. हे आहेत ना माझ्याबरोबर. तू जा."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली आणि गेली. भराभरा गेली, लुगड्याचा काठ चिखलातून उचलून धरत, लांबूनच त्याला शिव्या घालत. ती मागे वळली नाही. आम्हाला गाडीची बराच वेळ वाट बघावी लागली. यजमान म्हणाले, "आई थांबल्या नाहीत आज?"

मी म्हटलं, "नाहीत," आणि टोपली जवळ ओढून घेतली.